टर्बो बदलण्याआधी: वारज्यातील एका गॅरेजने केलेल्या धुराच्या तपासणीचा अनुभव

गेल्या पावसाळ्यानंतर माझ्या गाडीच्या सायलेन्सरमधून धूर येऊ लागला. चढावर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून एखाद्या ट्रकला मागे टाकले की आरशात राखाडी-पांढरा पडदा दिसायचा आणि काही क्षणांत विरून जायचा. घरासमोर गाडी उभी करून कितीही वेळ इंजिन चालू ठेवले तरी मात्र धुराचा मागमूस नसायचा. धूर हे लक्षण असते, आजार नव्हे, हे मला ठाऊक होते. तरीही त्या लक्षणावरून आजारापर्यंत पोहोचायला किती शिस्त लागते, हे मला पुण्याच्या वारजे-शिवणे पट्ट्यातील एका लहान गॅरेजमध्ये पाच दिवसांत पाहायला मिळाले, आणि हे परीक्षण त्या पाच दिवसांचे आहे. गाडीच्या कंपनीचे, आधीच्या वर्कशॉपचे आणि या गॅरेजचेही नाव मी देत नाही, कारण तपासणी कशी व्हावी हाच माझा विषय आहे.

गाडी २०१८ सालची, दोन लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाची सेडान आहे. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या वायूवर चालणारा आणि इंजिनात जास्त हवा दाबणारा पंप. मी ती २०२२ मध्ये आधीच्या मालकाकडून घेतली तेव्हा ५१ हजार किलोमीटर धावली होती आणि आता ८४ हजारांवर आहे. आपल्याकडे २०१६-१७ च्या सुमारास १९२ पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) ताकदीची पोलो जीटीआय, २३० पीएसची ऑक्टाव्हिया आरएस अशा वेगवान टर्बो पेट्रोल गाड्या आल्या. त्या वर्षांतल्या अशा बहुतेक गाड्या आता वॉरंटीच्या बाहेर गेल्या आहेत आणि त्यांतल्या अनेक दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत. त्यामुळे अशा इंजिनाचा धूर नीट वाचू शकणाऱ्या गॅरेजची गरज केवळ माझी एकटीची नाही. माझ्या गाडीचा संगणक आधीच्या मालकाने रीमॅप करून घेतलेला आहे, म्हणजे टर्बोचा दाब कारखान्यातून आला त्यापेक्षा जास्त आहे. ही गोष्ट मी दोन्ही ठिकाणी आधीच सांगितली होती.

पहिल्या वर्कशॉपमध्ये गाडी रॅम्पवर घेऊन इंटरकूलरचा (टर्बोतून आलेली तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचा) पाइप सोडवला, आतून बोट फिरवले, बोटाला ऑईल लागले आणि टर्बो गेल्याचा निर्णय झाला. एस्टिमेट २ लाख १५ हजार रुपयांचे होते. ‘टर्बो बदलूनही धूर राहिला तर?’ असे मी विचारले, तेव्हा ‘मग इंजिन काम काढावे लागेल’, म्हणजे इंजिन उघडावे लागेल, असे उत्तर मिळाले. तपासणी म्हणून एवढेच झाले होते. गाडी रस्त्यावर नेऊन धूर कोणी पाहिलाही नव्हता. मी गाडी परत घेऊन आले.

वारज्याच्या गॅरेजमधील मुख्य मेकॅनिक पन्नाशीचे आहेत आणि बोलतात कमी. बोनेट उघडण्याआधी त्यांनी मला विचारले, “मॅडम, धूर कधी येतो ते आधी सांगा. किती येतो ते नंतर बघू.” मला ठामपणे सांगता येईना, तेव्हा त्यांनी मला आठ दिवसांची मुदत दिली आणि वहीत नोंद ठेवायला सांगितली: सकाळी पहिल्यांदा इंजिन चालू करताना, सिग्नलला चार-पाच मिनिटे उभे राहून निघताना, घाट उतरताना गाडी गिअरमध्ये सोडून पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर देताना, आणि चढावर पूर्ण जोर लावताना. दर वेळी धूर आला की नाही, रंग कोणता आणि वास कसा, एवढेच लिहायचे होते. माझा धाकटा भाऊ दोन दिवस त्याच्या गाडीतून माझ्या मागे राहिला आणि त्याने मोबाइलवर चित्रण केले, कारण चालकाला आरशातून रंग नीट कळत नाही.

या चार प्रसंगांमागे स्पष्ट कारणे आहेत. रात्रभर गाडी उभी असताना व्हॉल्व्हच्या (सिलिंडरमध्ये हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपांच्या) सिलांमधून ऑईल थेंबथेंब खाली उतरते आणि सकाळी पहिल्या फेऱ्यांत जळते, म्हणून सकाळचा एकच निळा भपका सहसा सिलांचा असतो. घाट उतरताना थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) बंद असते, इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) जोरदार निर्वात तयार होतो आणि तो झिजलेल्या व्हॉल्व्ह गाइडमधून (व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो त्या नळीतून) ऑईल ओढून घेतो. उतार संपल्यावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ते धूर होऊन बाहेर पडते. सिग्नलनंतरचा धूर टर्बोच्या सिलांकडे किंवा पुन्हा व्हॉल्व्हच्या सिलांकडे बोट दाखवतो. जोर असेल तेव्हा सतत येणाऱ्या निळ्या धुरामागे पिस्टनच्या झिजलेल्या रिंगा असू शकतात. माझ्या वहीत आठ दिवसांनी चित्र असे उमटले: सकाळी एकदाच अगदी पुसट भपका, सिग्नलनंतर काही नाही, खंबाटकीवरून साताऱ्याकडे उतरताना काही नाही, आणि चढावर पूर्ण बूस्टमध्ये, म्हणजे टर्बोचा दाब सर्वाधिक असताना, मात्र दर वेळी धूर.

रंगाच्या बाबतीत माझी स्वतःची मोठी गफलत झाली होती. धूर पांढुरका दिसत असल्याने हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांमधील सांधपट्टी) गेले आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) जळतो आहे, अशी धास्ती मी महिनाभर बाळगली. मेकॅनिकांनी समजावले की सिलिंडरमध्ये ज्वालेत जळलेले ऑईल निळसर दिसते, पण तेच ऑईल टर्बोच्या टर्बाइनच्या (एक्झॉस्टच्या वायूने फिरणाऱ्या पंख्याच्या) बाजूने थेट तापलेल्या एक्झॉस्टमध्ये गळले तर ते पुरते जळत नाही, उकळून वाफारते, आणि त्याचा धूर राखाडी-पांढरा दिसू शकतो. केवळ रंगावर विसंबणारा माणूस तिथे नक्की चुकतो. कूलंटच्या धुराला गोडसर वास असतो आणि तो चिवटपणे रेंगाळतो. माझ्या धुराला तव्यावर करपलेल्या तेलासारखा उग्र वास होता. थंडीच्या सकाळी सायलेन्सरमधून निघणाऱ्या पांढऱ्या वाफेने घाबरून जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट येथेच सांगते: एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी तयार होते आणि ते वाफेच्या रूपाने बाहेर पडते. डिसेंबरात सकाळी ती वाफ दिसणारच. इंजिन आणि सायलेन्सर तापल्यावर ती नाहीशी होत असेल तर काळजीचे कारण नाही.

तरीही त्यांनी कूलंटची शंका तोंडी सोडून दिली नाही. कूलंटच्या टाकीच्या तोंडावर काचेची नळी बसवून तीत निळे रसायन भरले आणि टाकीतील हवा त्यातून ओढली. हेड गॅस्केटमधून जळलेला वायू कूलंटमध्ये शिरत असेल तर हे रसायन पिवळे पडते. इंजिन पूर्ण तापवून दहा मिनिटे वाट पाहिली तरी रंग निळाच राहिला. जोर लावताना निघणारा काळा धूर म्हणजे जास्तीचे पेट्रोल, आणि त्याची शंका भावाच्या चित्रणातच संपली होती.

त्यानंतर चारही स्पार्क प्लग काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडले आणि प्रत्येकाखाली मार्करने क्रमांक लिहिला. चारही तपकिरी-करडे, कोरडे आणि जवळपास सारखे होते. रिंगांमधून ऑईल वर येत असते तर निदान एखादा प्लग तरी ओलसर-काळा निघाला असता. प्लगच्या भोकांतून बारीक कॅमेरा आत सोडून पिस्टनचे माथे मला पडद्यावर दाखवले. कडेला ऑईलने धुतल्यासारखे उजळ पट्टे नव्हते, आणि पाण्याने घासल्यासारखा एखादाच चकचकीत पिस्टनही नव्हता. कॉम्प्रेशन (पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) चारही सिलिंडरमध्ये १२ बारच्या आसपास होते आणि आपसातला फरक अर्ध्या बारच्या आत होता. मग लीकडाउन चाचणी झाली. प्रत्येक सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा भरून ती किती टक्के निसटते ते मीटरवर पाहायचे, आणि ऑईलच्या झाकणापाशी, इनटेकपाशी व सायलेन्सरपाशी कान लावून ती कोठून निसटते ते ऐकायचे. माझे आकडे ७ ते ९ टक्के आले. दहाच्या आत असलेले इंजिन निरोगी मानतात आणि विसाच्या पुढे गेल्यावर चिंता सुरू होते. म्हणजे पहिल्या वर्कशॉपने ज्या ‘इंजिन कामा’ची तयारी ठेवायला सांगितले होते, त्याची गरज नव्हती, हे पहिल्याच दुपारी आकड्यांनी सिद्ध झाले.

आता टर्बो. टर्बोचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो, टर्बाइनकडे येणारा वायू नऊशे अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकतो, आणि या सगळ्यात दांडा ऑईलच्या पातळ थरावर तरंगत असतो. त्याच्या टोकांना रबरी सील नसते. पिस्टनला असतात तशा बारीक धातूच्या रिंगा असतात, आणि ऑईल आत राहते ते मुख्यतः दाबांच्या समतोलामुळे. टर्बोला ऑईल पंपाच्या दाबाने मिळते, पण तेथून इंजिनात परत जाते ते केवळ उतारामुळे. परतीची नळी तुंबली किंवा ती जेथे उघडते त्या क्रँककेसमध्येच, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या पोकळीत, दाब वाढला, तर ऑईल खाली उतरू शकत नाही, दांड्याभोवती साचते आणि वाट मिळेल तिकडे, म्हणजे टर्बाइनच्या बाजूने एक्झॉस्टमध्ये, गळते. अशा गाडीत नवाकोरा टर्बो बसवला तरी तोही धूर देतो. ही यंत्रणा मला त्यांनी जुन्या, कापलेल्या टर्बोवर दाखवली. एरवी पुस्तकी वाटणारी गोष्ट ते ऑईलचे बारीक भोक आणि परतीची रुंद वाट समोर पाहिल्यावर लगेच समजली.

त्यांनी डाउनपाइप, म्हणजे टर्बोपासून सायलेन्सरकडे जाणारा पाइप, सोडवला. टर्बाइनच्या तोंडाशी ऑईलचा ओला, काळा थर होता. पांढऱ्या सुती फडक्याने पुसला तर फडक्यावर तपकिरी डाग उमटला. दांडा बोटांनी आजूबाजूला हलवला की किंचित हलला, पण मागे-पुढे अजिबात सरकला नाही. आजूबाजूचा थोडा खेळ अशा बेअरिंगमध्ये ऑईल नसताना असतोच, लांबीच्या दिशेने सरकणे हे मात्र झिजेचे लक्षण असते. पंख्यांची पाती शाबूत होती आणि आवरणाला कोठेही घासली नव्हती. ऑईल टर्बोतून गळत होते हे खरे, पण त्यासाठी टर्बो दोषी असेलच असे नव्हते.

पुढचा भाग मला संपूर्ण तपासणीत सर्वांत मोलाचा वाटला. क्रँककेसमधील दाब पाहण्यासाठी त्यांनी गवंडी लेव्हल काढायला वापरतात तशी पारदर्शक नळी घेतली, लाकडी फळीवर इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून बसवली आणि तीत लाल रंगाचे पाणी भरले. एक टोक डिपस्टिकच्या (ऑईलची पातळी पाहण्याच्या सळईच्या) जागी घट्ट जोडले, दुसरे उघडे ठेवले. इंजिन चालू केल्यावर क्रँककेसकडच्या बाजूचे पाणी थोडे वर चढले आणि तेथेच किंचित थरथरत राहिले, म्हणजे आत हलका निर्वात होता आणि तो असायलाच हवा. गाडी उभी असताना सगळे ठीक होते. पहिल्या वर्कशॉपला उभ्या गाडीत काही सापडणार नव्हते, ते याच कारणाने.

मग नळीऐवजी एक दाबमापक जोडला, त्याची लांब नळी बोनेटच्या फटीतून खिडकीवाटे आत घेतली, मापक डॅशबोर्डला चिकटपट्टीने लावला, आणि आम्ही चांदणी चौक-भूगाव मार्गे पिरंगुट घाटावर गेलो. तिसऱ्या गिअरमध्ये तीन हजार फेऱ्यांवर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तेव्हा काटा शून्य ओलांडून ६० मिलिबारपर्यंत चढला, आणि मागच्या गाडीतून गॅरेजच्या मुलाचा लगेच फोन आला: “आला, धूर आला.” काटा खाली आला की धूरही थांबायचा. आम्ही हे चार वेळा केले आणि चारही वेळा तसेच घडले.

जोरात असताना क्रँककेसमध्ये दाब दोन मार्गांनी वाढू शकतो. एक, रिंगांवरून जळता वायू खाली येणे, पण ते लीकडाउनने जवळजवळ बाद केले होते. दुसरा मार्ग ब्रीदरचा, म्हणजे क्रँककेसमधील वायू बाहेर नेणाऱ्या जोडाचा. टर्बो इंजिनात क्रँककेसचा वायू दोन वाटांनी बाहेर काढतात: मॅनिफोल्डमध्ये निर्वात असेल तेव्हा थेट मॅनिफोल्डमध्ये, आणि बूस्ट असेल तेव्हा टर्बोच्या तोंडाकडे. मॅनिफोल्डकडच्या वाटेवर एकाच दिशेने हवा सोडणारी झडप असते, जी बूस्ट येताच बंद होऊन मॅनिफोल्डचा दाब क्रँककेसमध्ये शिरू देत नाही. ती झडप उघडी अडकली तर उभ्या गाडीत काही कळत नाही, कारण तेव्हा ती उघडीच असायला हवी. चढावर मात्र टर्बोने तयार केलेला दाब इंजिनाच्या पोटात जातो, टर्बोचे परतीचे ऑईल अडते, आणि टर्बोच्या तोंडाकडे जाणाऱ्या दुसऱ्या वाटेने ऑईलचा तुषार इंटरकूलरच्या पाइपात जाऊन साचतो. पहिल्या वर्कशॉपने बोटाला लागलेल्या ज्या ऑईलवरून टर्बो दोषी ठरवला, ते ऑईल असे तेथे आले होते.

हे अनुमान पटण्यासारखे असूनही त्यांनी भाग मागवला नाही. आधी मॅनिफोल्डकडची वाट तात्पुरती बुजवली आणि आम्ही त्याच घाटावर, त्याच गिअरमध्ये, पुन्हा गेलो. काटा शून्याच्या खालीच राहिला. धूर होता, पण पहिल्याच्या निम्म्याहून कमी, आणि तोही एक्झॉस्टमध्ये आधीच साचलेल्या ऑईलचा. एक गोष्ट बदलायची, बाकी सगळे तसेच ठेवायचे आणि पुन्हा मोजायचे, ही साधी शिस्त मला किती दुर्मिळ वाटली हे लिहून सांगणे कठीण आहे.

दुरुस्तीत ब्रीदरचा पूर्ण जोड बदलला, टर्बोची परतीची नळी सोडवून साफ केली, तिला नवे गॅस्केट घातले, इंटरकूलर धुतला आणि ऑईल व फिल्टर बदलले. खर्च कर धरून असा झाला: तपासणीचे ४,५०० रुपये, ब्रीदरचे ११,८००, ऑईल-फिल्टरचे ६,४००, गॅस्केट व किरकोळ वस्तूंचे १,१५०, इंटरकूलर धुण्याचे २,००० आणि मजुरी ५,०००, एकूण ३०,८५० रुपये. तपासणीचे पैसे वेगळे आणि आधीच सांगून घेतले गेले, दुरुस्ती कोठेही केली तरी. अनेकांना हे खटकते, मला ते योग्य वाटले. तपासणी फुकट असली की तिचा खर्च एखाद्या भागाच्या किमतीतून काढला जातो, आणि मग भाग बदलण्याचीच घाई होते.

उणिवाही सांगायला हव्यात. काम दोन दिवसांत होईल असे सांगितले होते, ते पाच दिवसांवर गेले, कारण ब्रीदर मुंबईहून यायचा होता आणि तो येण्यास लागणारा वेळ आधी विचारलाच नव्हता. या काळात मी केलेले तीन फोन कोणी उचलले नाहीत. कॉम्प्रेशन आणि लीकडाउनचे आकडे मेकॅनिकांनी खिशातील चिठ्ठीवर लिहिले होते. मी मागितल्यावर ते जॉब कार्डावर उतरवून दिले, पण हे मागावे लागू नये. इंजिनाच्या वरच्या आवरणाचे एक रबर हरवले आणि ते भरून मिळाले नाही. शिवाय तेथील एका तरुण कामगाराने ‘आता कॅट काढून मोठा डाउनपाइप टाका’ असा सल्ला दिला. मी तो स्पष्ट नाकारला, कारण कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधील विषारी वायू कमी करणारा भाग) काढणे बेकायदेशीर आहे आणि त्याने हवा बिघडते. जळलेल्या ऑईलमधील फॉस्फरसने आधीच त्या कॅटचे काही नुकसान झाले असणार, याचेच मला वाईट वाटते. रीमॅपच्या वाढीव दाबामुळे झडप लवकर गेली का, असे मी मुख्य मेकॅनिकांना विचारले. “तसं असू शकतं, पण मी सिद्ध करू शकत नाही,” असे ते म्हणाले, आणि मला हे उत्तर आवडले.

धुराच्या त्या महिन्यातही माझे पीयूसी प्रमाणपत्र विनासायास मिळाले होते. पेट्रोल गाडीच्या त्या तपासणीत इंजिन मंद गतीने चालू ठेवून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. धुराची दाटता मोजणारे यंत्र डिझेल गाड्यांसाठी वापरतात. बूस्टमध्येच येणारा धूर तेथे दिसण्याचे कारणच नव्हते, तेव्हा पीयूसी मिळाले म्हणजे इंजिन ठीक, असे कोणी समजू नये.

गाडी परत मिळाल्यावर पहिले अडीचशे किलोमीटर धूर थोडा येत राहिला. तसा तो येणार हे मला आधीच सांगितले होते, म्हणून मी घाबरले नाही. त्यानंतर तो थांबला. आता २,६०० किलोमीटर झाले आहेत. सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी, अशी दर रविवारी मी डिपस्टिक पाहते. या काळात सुमारे २०० मिलिलिटर ऑईल वर टाकावे लागले. हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत ऑईल खाल्ले तरी चालते असे काही कंपन्यांच्या पुस्तिकांत लिहिलेले असते, त्या मानाने हे फारच कमी आहे. सकाळचा पुसट भपका अजून आहे. तो व्हॉल्व्हच्या सिलांचा आहे, त्याचे काम मोठे आहे आणि तो वाढेपर्यंत हात लावू नये, असे त्यांचे मत पडले. वहीत त्या एकाच रकान्याची नोंद मी पुढे चालू ठेवली आहे.